ओळखीचं पीठ

हिवाळा लागला की नागपुरात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. दूर हिमालयातून आलेली माणसं, असंच आपण समजतो. पण तिबेटी लोकांचं एक गाव आपल्या विदर्भातच आहे. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ. त्याचं नाव नोरग्येलिंग. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो माणसं आली. त्यातल्या काही कुटुंबांची वसाहत १९७२ मध्ये इथे वसली.

साकोली मागे टाकून नवेगावबांधच्या रस्त्याला लागलं की दोन्हीकडे धानाच्या बांध्या. आणि त्या बांध्यांच्या मुलखातच पाच रंगांच्या प्रार्थनेच्या पताका फडफडताना दिसतात.

तिथे मी थेनथुक खाल्लं. मळलेली कणीक पट्टीसारखी ओढायची आणि तिचे तुकडे तोडून उकळत्या रश्शात टाकायचे. पहिल्याच घासाला घरची वरणफळं आठवली. आपण लाटून कापतो, ते ओढून तोडतात.

मग त्साम्पा. म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ. वाटीत लोणी-मिठाचा चहा घ्यायचा, त्यात पीठ घालून बोटांनी मळायचं आणि गोळा करून खायचं. जव म्हणजे आपला सातू. उन्हाळ्यात गूळपाण्यात कालवून आपण सातूचं पीठ खातोच की! तिबेटच्या थंड पठारावर मुख्यतः जवच पिकतो, आणि भाजलेल्या पिठाला वाटेत चूल लागत नाही. गुराख्याला, वाटसरूला याहून सोयीचं अन्न कोणतं?

इथे मात्र पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि धानाची जमीन. ज्या मातीनं आसरा दिला, तिचंच पीक या लोकांनी हाती घेतलं. त्साम्पाही सोडला नाही. मला या दोन्ही गोष्टींचं फार मोल वाटतं.

त्यांचं नवं वर्ष म्हणजे लोसर. पुष्कळदा ते महाशिवरात्रीच्या आगेमागेच येतं. याच भागातल्या प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला जाल तेव्हा या गावालाही जाऊन या. लोसरला पाहुण्यापुढे चेमार धरतात, म्हणजे लोण्यात कालवलेला त्साम्पा. चिमूटभर घ्यायचा, तीनदा हवेत उडवायचा आणि मग जिभेवर ठेवायचा. ते पीठ कशाचं, हे तुम्हाला कुणी सांगायची गरज पडणार नाही.