अफवेला गल्लीतच गाठावे

भिवंडीने अफवेची किंमत मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी मोजली आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींत हे शहर होरपळले. पुढे 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वस्तीतले हिंदू-मुसलमान रहिवासी आणि पोलीस एकत्र बसू लागले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्याला कारणे अनेक असतील. पण कानावर काही आले तर खरे-खोटे विचारायला ओळखीचा माणूस होता, ही त्यातली फार मोलाची गोष्ट.

आज अफवा खिशात येते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी समजून, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्या सुमारास देशभर एक चित्रफीत फिरत होती : मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात. मूळ चित्रफीत कराचीतल्या जनजागृती मोहिमेची. तिच्यात ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवण्याचा इशारा देणारा फलक दाखवतात. फिरणाऱ्या तुकड्यातून नेमका हा शेवट कापलेला होता.

म्हणून चित्रफीत पाहताना ती कुठे सुरू झाली आणि कुठे तोडली, हे आधी पाहावे. गाव, तारीख, बातमी देणाऱ्याचे नाव यांपैकी काहीच नसेल तर ती पुढे पाठवू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण दिसला तर तो मजकूर अनेक हातांतून आलेला असतो. पाठवणारा आपला मामा असला तरी लिहिणारा तो नव्हे. छायाचित्र गूगल लेन्समध्ये टाकले की ते आधी कुठे, कधी छापले गेले हे बहुधा कळते. आवाजी संदेशाला ही सोय नाही. भिवंडीतल्या यंत्रमागाच्या कारखान्यांत हिंदी, उर्दू, तेलुगू, मराठी अशा सगळ्या भाषा बोलणारे कामगार आहेत आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत आवाजच पोचतो. तिथे जाणत्याला फोन करून विचारणे हाच उपाय.

लशीबाबतच्या अफवांचेही तेच : जाणत्याला विचारावे. 2022 च्या अखेरीस भिवंडीत गोवराची साथ आली. गोवराच्या लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत देतात. शंका आल्यास आशाताईंना किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारावे.

खोटे उघड झाले की दुरुस्ती त्याच गटात, त्याच भाषेत टाकावी. पाठवणारा वडीलधारा असेल तर आधी त्याला एकट्याला फोन करावा. चारचौघांत खोडले की माणूस चुकीलाच धरून बसतो. संदेशात कुणाला मारण्याची चिथावणी असेल, तर तो पुढे न पाठवता 112 वर पोलिसांना कळवावे.