संकटापूर्वीं दिलेला शब्द



आजाऱ्यांची सेवा करणारें घरच संकटांत सांपडलें, तर त्याच्या मदतीस कोणीं धांवावें?

२९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्रीं सँडी नामक तुफानानें न्यूयॉर्क शहरांत समुद्राचें पाणी शिरलें. एन. वाय. यू. लँगोन इस्पितळाची वीज गेली. राखीव जनरेटरही बंद पडले. तीनशेंहून अधिक रुग्णांस जिन्यांवरून खालीं आणावें लागलें. त्यांत २० तान्हीं बालकें होतीं. परिचारिकांनीं तीं उराशीं धरून नऊ मजले उतरविलीं. कांहींना तर वाटेंत हातानें पिशवी दाबून श्वास पुरविला. शहरांतील इतर इस्पितळांनीं या रुग्णांस जागा दिली. परंतु लगतचें बेलव्ह्यू इस्पितळही त्याच पाण्यामुळें पुढील दिवसांत रिकामें करावें लागलें.

यावरून दोन गोष्टी शिकाव्या. एक, केवळ शेजाऱ्यावर विसंबूं नये. दूरच्या इस्पितळाशींही करार असावा. दुसरी, तो शांततेच्या दिवसांतच लेखी व्हावा. खाटा किती द्यावयाच्या, गाड्या कोणाच्या, रुग्णांचे कागद कसे पोंचवावयाचे, मदतीस आलेल्या डॉक्टरांस अधिकार कोणते, औषधांचा खर्च कोणीं सोसावा, हें सारें त्यांत असावें. व त्याची कवायतही वेळोवेळीं व्हावी. पाणी दारांत आल्यावर वाटाघाटीस अवसर कोठला?

सदिच्छा सर्वांपाशीं असते. परंतु बाळ उराशीं घेऊन जिना उतरणाऱ्या परिचारिकेस, खालची गाडी कोठें जाणार, हें आधींच ठाऊक असावें लागतें.