बंदोबस्त कुणाचा?

(काल्हेर इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मघाशी एका पोरानं विचारलं, अतिरेक्यांपासून लोकांना वाचवायचा अधिकार सरकारला आहे का नाही, एका शब्दात सांगा. सांगतो. आहे. अधिकार कसला, ते सरकारचं कामच आहे. इथल्या गोडाऊनात दिवसभर हमाली करून ठाण्याला जाऊन लोकल पकडणाऱ्या माणसाला घरी जिवंत पोचायची हमी पाहिजे. ती मागायची लाज कशाला? आपल्यातले काही शहाणे बॉम्बचा विषय निघाला की लगेच इतिहास सांगायला लागतात. मेलेल्याच्या बायकोला इतिहास नको असतो.

२६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर कोण मेलं? बाहेरगावच्या गाडीची वाट बघत गाठोड्यावर डोकं टेकून बसलेली माणसं. पन्नासच्या वर. तिथल्या रेल्वे पोलिसांच्या हातात जुनाट थ्री-नॉट-थ्री. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंनी हातात नुसती काठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या पोटात घेतल्या. त्यांना अशोकचक्र मिळालं, मिळायलाच पाहिजे होतं. पण जिवंतपणी चांगलं हत्यार का नव्हतं मिळालं, हे विचारणं म्हणजे देशद्रोह नव्हे. अतिरेकी समुद्रातून रबरी होडीनं मच्छीमार वस्तीत उतरले. त्यांना हटकलं ते कोळ्यांनी. खाडीकाठच्या तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

आणि त्याच खटल्यात बघा. कसाब जिवंत हाती लागला, त्याला वकील दिला, साक्षीदार उभे केले, सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊ दिलं, मग २०१२ मध्ये फाशी दिली. त्याच्याबरोबर उभे केलेले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी तिन्ही कोर्टांतून सुटले. आभाळ कोसळलं का? नाही कोसळलं. म्हणजे जमतं. करायचं ठरवलं तर या व्यवस्थेलाही जमतं.

आता दुसरी गोष्ट. ११ जुलै २००६. वेस्टर्न रेल्वेच्या गाड्यांत संध्याकाळच्या गर्दीत अकरा मिनिटांत सात स्फोट. १८० पेक्षा जास्त माणसं गेली. पोलिसांनी माणसं धरली, मोक्का लावला, कबुलीजबाब घेतले. २०१५ मध्ये बाराजणांना शिक्षा, पाचांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टानं ते कबुलीजबाब विश्वास ठेवण्यासारखे नाहीत म्हणून सगळ्यांना निर्दोष सोडलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच मेला होता. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं सांगितलं, हा निकाल दाखला म्हणून वापरू नका, पण सुटलेल्यांना परत आत टाकायची गरज नाही. दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी सुटले. तिथं सहाजण मेले होते. इकडं आरोपी मुसलमान, तिकडं हिंदू. दोन्हीकडच्या मेलेल्यांच्या घरच्यांच्या हातात काय? भोपळा. एकोणीस वर्षांनीही बॉम्ब कुणी ठेवला ते सिद्ध होत नसेल, तर मग रक्षण कुणाचं झालं? चुकीचा माणूस आत असेल, तर बरोबरचा बाहेर फिरतोय. हे कळायला कायद्याची पदवी लागत नाही.

त्या जुलैमधलीच माझी एक गोष्ट. भिवंडीचा माझा दोस्त, माग चालवणारा. आम्ही मोटरसायकलवरून येत होतो, एका नाक्यावर थांबवलं. "नाव काय? पूर्ण सांग. आडनाव?" मी सांगितलं. हवालदार म्हणाला, "तू जा." दोस्तानं नाव सांगितलं आणि त्याला बाजूला घेतलं. डबा उघडून भाजीत बोट घालून बघितलं. रात्रीपर्यंत बसवून ठेवलं, मी समोरच्या टपरीवर चहा पीत उभा. वाईट कशाचं वाटतं सांगू? "तू जा" म्हटल्यावर मला बरं वाटलं. आडनाव सांगितल्यावर समोरच्याचं तोंड बदलताना जन्मभर बघितलेला मी, त्या दिवशी माझं आडनाव पास झालं म्हणून आतून सुखावलो. थू आपल्यावर.

कारण ११ जुलै आपलीपण तारीख आहे रे. ११ जुलै १९९७, रमाबाई नगर, घाटकोपर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला म्हणून रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव दलानं गोळ्या घातल्या. दहा मेले. वर सांगितलं काय, तर लोक गॅसचा टँकर पेटवणार होते. म्हणजे आम्हीच धोका! गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा व्हायला २००९ उजाडलं.

२६/११ नंतर महिन्याभरात यूएपीए कडक केला. जामीन जवळजवळ बंद, आरोपपत्राला १८० दिवस. तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी मान हलवली! पुढं २०१८ मध्ये भीमा कोरेगावच्या नावानं तोच कायदा 'विद्रोही'च्या सुधीर ढवळेंवर लागला. खटला उभा राहायच्या आत साडेसहा वर्षं गेली, जानेवारी २०२५ मध्ये जामिनावर सुटले. त्याआधीही २०११ साली धरून २०१४ ला निर्दोष सोडलं होतं. साली वर्षं कोण परत देणार?

बाबासाहेब काही भोळे नव्हते. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी घटना समितीत जे कलम मांडलं, ते आजचं बाविसावं. त्यात प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा ठेवली, हेही खरंच. पण साध्या अटकेत कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभा करा, हे घटनेत लिहून ठेवलं. राज्याच्या हातात काठी दिली आणि मनगटाला दोरीही बांधली.

तेव्हा दोन कामं. रात्रपाळीच्या वॉचमन पोरांनो, गोडाऊनात बेवारस पेटी दिसली तर लगेच पोलिसांना कळवा, "आपल्याला काय करायचंय" म्हणू नका. आणि नाक्यावर शेजारच्याला बाजूला घेतलं, तर निघून जाऊ नका. तो दोस्त आज मागं बसलाय. अजून खिशात मालकाची चिठ्ठी घेऊन फिरतो, कामावर होतो म्हणून.

आता तुम्ही बोला.