कार्ड कुणाचं, तिकीट कुणाचं?

दुपारची भांडी घासून झाली असतील, नसतील तर घासता घासता ऐका. आज आम्ही गटातल्या बाराजणी बोलणार आहोत. आवाज एकीचा आहे, पण सांगणं बाराजणींचं आहे.

विषय आहे विमानाचं तिकीट. तुम्ही म्हणाल, आम्हाला एसटी वेळेवर मिळाली तरी पुष्कळ, विमान कुठलं काढलंत? पण आपल्या कोकणात बघा. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाचा जावई मस्कतला, कुणाची नणंद कुवेतला. मुलीचं बाळंतपण निघालं की आईला जावंच लागतं. तेव्हा पहिल्यांदा विमानतळ बघायचा, तोही एकटीने. आमच्या गटातल्या एका काकूंवर अशीच वेळ आली. त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने सांगतो आहोत.

काकूंची मुलगी मस्कतला. दिवस भरत आलेले. भाच्याने जाण्यायेण्याचं तिकीट काढून दिलं. त्याच्या मित्राच्या क्रेडिट कार्डावर दीड हजार रुपये सूट मिळत होती, म्हणून मित्राच्या कार्डावर काढलं आणि मित्राला रोख पैसे दिले. सगळ्यांना वाटलं, पोरगा हुशार आहे, दीड हजार वाचवले. आम्हीही त्याचं कौतुक केलं.

आमच्यातल्या दोघी काकूंना सोडायला मुंबईला गेल्या. तिकीट नसलेल्या माणसाला विमानतळाच्या आत सोडत नाहीत, त्यामुळे त्या काचेच्या दाराबाहेर आणि काकू एकट्या आत. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट बघितला, व्हिसा बघितला आणि म्हणाली, "मावशी, ज्या कार्डावर हे तिकीट काढलंय, ते कार्ड दाखवा."

काकूंनी आधार कार्ड काढून दाखवलं. ती म्हणाली, "हे नाही मावशी, बँकेचं कार्ड." ते कार्ड तर पुण्याला, मित्राच्या खिशात. मित्र रात्रपाळी करून झोपलेला, फोन बंद. मुलगी वाईट बोलली नाही. तिने दोन वाटा सांगितल्या. कार्डवाल्याने कंपनीला ईमेलवर संमतीपत्र आणि ओळखपत्र पाठवायचं, नाहीतर आजच्या भावाने नवं तिकीट घ्यायचं. आजचा भाव जवळजवळ दुप्पट होता. रात्री अकरा वाजता आम्ही गावात एकमेकींना उठवून फोनवरून पैसे गोळा करत होतो. कुणी हजार पाठवले, कुणी पाचशे. पैसे पुरे होईपर्यंत काउंटर बंद झालं.

काकू तीन दिवसांनी दुसऱ्या तिकिटावर गेल्या. नात त्याआधीच जन्मली होती. लेकीच्या उशाशी त्या रात्री आई नव्हती. दीड हजाराची सूट अशी महागात पडली.

आता भाच्याला दोष देऊन काय उपयोग? त्याला माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. मग आम्ही बसून तिकिटाचे सगळे कागद वाचून काढले. बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. जे समजलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, कार्ड का मागतात? एसटीत अर्धं तिकीट काढताना कंडक्टर कधी विचारत नाही की पैसे कुणाच्या बटव्यातले. विमानाचं तसं नाही. चोरलेल्या कार्डाच्या नंबरावर तिकिटं काढणारे भामटे असतात. खऱ्या मालकाने बँकेत तक्रार केली की बँक पैसे कंपनीकडून परत घेते. माणूस तर तोवर उडून गेलेला असतो. म्हणून काही विमान कंपन्या, विशेषतः परदेशच्या प्रवासाला, कार्ड बघायला मागतात. सगळ्या मागत नाहीत, प्रत्येक वेळी मागत नाहीत. पण अट लिहिलेली असेल तर मागितल्यावर दाखवावंच लागतं.

तेव्हा शक्यतो जी प्रवास करणार तिच्या किंवा बरोबर येणाऱ्या माणसाच्या कार्डावरच तिकीट काढा. मुलाने किंवा जावयाने तिकडून काढलं, तर त्याला कंपनीकडे आधीच विचारायला सांगा. बहुतेक वेळा कार्डाच्या मालकाचं सहीचं संमतीपत्र, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि कार्डाच्या पुढच्या बाजूची झेरॉक्स चालते. त्या झेरॉक्सवर शेवटचे चार आकडे आणि नाव दिसू द्या, मधले आकडे झाकून घ्या. कार्डाच्या मागचा तीन आकडी नंबर कधीच कुणाला देऊ नका. काउंटरवर कार्ड फक्त बघतात. पिन किंवा ओटीपी कुणी मागितला तर समजा काहीतरी काळंबेरं आहे. यूपीआयने पैसे भरले तर दाखवायला कार्डच नसतं, हीही एक सोपी वाट आहे.

दुसरी गोष्ट, तिकिटाचा भाव. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघींनी वेगवेगळे पैसे भरलेले असतात. स्वस्त तिकीट म्हणजे जास्त अटींचं तिकीट. तारीख बदलली की दंड, रद्द केलं की मूळ भाडं बुडालं. महाग तिकिटाला तारीख बदलायची मोकळीक जास्त असते. बाळंतपणासारख्या कामाला तारीख पुढेमागे होतेच. अशा वेळी थोडे जास्त पैसे देऊन तारीख बदलता येणारं तिकीट घेतलेलं परवडतं. लग्नाची तारीख ठरलेली आहे, बदलणार नाही, तिथे स्वस्त घ्या.

तिसरी गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. जाण्यायेण्याचं तिकीट एकत्र काढलं आणि जातानाचं विमान चुकलं, तर बहुतेक कंपन्या येतानाचं तिकीटही रद्द करतात. तिकीट ओळीने वापरावं लागतं. काकूंचं परतीचं तिकीट असंच गेलं. विमान चुकणार असं दिसलं तर निघण्याआधीच कंपनीला कळवा, गप्प बसू नका.

चौथी गोष्ट परताव्याची. आम्हाला सांगण्यात आलं, "तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, एक पैसा मिळणार नाही." हे खरं नव्हतं. आपल्या देशात विमान वाहतुकीचे नियम डीजीसीए हे सरकारी कार्यालय ठरवतं. त्या नियमाप्रमाणे तिकीट रद्द केलं किंवा वापरलंच नाही, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क प्रवाशाला परत द्यावं लागतं. तिकीट सवलतीचं असलं तरीही. रद्द करण्याचा दंड मूळ भाडं आणि इंधन आकार यांच्यापेक्षा जास्त लावता येत नाही. समजा तिकीट ६,००० रुपयांचं आहे. त्यात मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून ४,८०० आणि कर-शुल्क १,२००. मूळ भाडं बुडालं तरी ते १,२०० रुपये तुमचे आहेत. एजंटाकडून काढलेलं असलं, तरी पैसे परत मिळवून देण्याची जबाबदारी कंपनीचीच असते. परदेशी कंपनी असेल तर परताव्याला तिच्या देशाचे नियम लागतात, तेही तिकिटाच्या अटीत बघावं.

आम्ही अर्ज केला. दोन आठवडे पाठपुरावा केला. काकूंचे कर आणि शुल्काचे पैसे परत आले. पण आले कुणाच्या खात्यात? त्या मित्राच्या! कारण पैसे ज्या वाटेने जातात त्याच वाटेने परत येतात. पोरगा भला म्हणून त्याने लगेच दिले. दुसरा कुणी असता तर? म्हणून आम्ही विचारतो, कार्ड कुणाचं?

पाचवी गोष्ट नावाची. पासपोर्टावर जे नाव तेच तिकिटावर हवं. आपल्यातल्या कितीजणींचं पासपोर्टावर माहेरचं नाव आणि घरात सासरचं नाव असतं. तिकीट हातात आलं की त्याच दिवशी पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. थेट कंपनीकडून काढलेल्या तिकिटात लगेच सांगितलेली चूक फुकट दुरुस्त होते. नंतर पैसे पडतात. आणि एकीचं तिकीट दुसरीच्या नावावर करता येत नाही.

वेळेचंही लक्षात ठेवा. देशातल्या प्रवासाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, परदेशचं तास-सव्वा तास आधी. परदेशी जायचं तर तीन तास आधी पोचा. कार्डाचा घोळ निघालाच तर निस्तरायला तेवढा वेळ लागतो.

तक्रार करायची तर आधी कंपनीकडे लेखी करा. उत्तर आलं नाही तर सरकारचं एअरसेवा हे ॲप आणि संकेतस्थळ आहे, तिथे करा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका, तिथे भामट्यांचे नंबर असतात. तिकिटावर छापलेला नंबरच लावा. आणि पैसे चोरीला गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

आता आमच्या गटाने एक ठरवलंय. गटातल्या कुणाच्याही घरी विमानाचं तिकीट काढायचं असेल, तर पैसे भरण्याआधी अटी बैठकीत मोठ्याने वाचायच्या. शिकलेल्या मुलींपैकी एकीने वाचायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. परवाच्या बैठकीत एका वहिनींच्या कुवेतच्या तिकिटाचं वाचन झालं. कार्ड नवऱ्याचं आणि नवरा तिकडे, हे तिथेच लक्षात आलं. संमतीपत्र आता त्यांच्या पिशवीत आहे.

काकू पुढच्या महिन्यात परत येतायत. नातीचा फोटो पाठवलाय, डोळे थेट आजीचे. आल्या की त्यांनाच इथे बोलायला आणू. तोवर तुमच्या गटातही वाचून बघा आणि काय सापडलं ते आम्हाला कळवा. नमस्कार.