बिलोलीहून सह्याद्रीच्या पायवाटेकडे



बिलोली तालुक्यातील शाळांची सहल म्हटली की वेरूळ, दौलताबाद, पैठण हा क्रम ठरलेलाच असतो. तो वाईट आहे असे नव्हे. परंतु मांजरा आणि गोदावरी यांच्या सपाट काळ्या रानात वाढलेल्या मुलामुलींनी एकदा तरी गोदावरीच्या पाण्याचे माहेर पायी हिंडून पाहावे. कळसूबाई, रतनगड व हरिश्चंद्रगड यांना जोडणारी चार दिवसांची पायवाट त्यासाठी उत्तम होय. रतनगडापाशी प्रवरा उगम पावते. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघालेली मुळा तिला मिळते, आणि प्रवरासंगम येथे ते पाणी गोदावरीत येऊन पुढे नाथसागराच्या वाटेने नांदेडकडे वाहते. भूगोलाच्या पुस्तकातील रेषा पायाखाली आली म्हणजे तिचा अर्थ निराळा भासतो.

हा प्रदेश पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात मोडतो. १९८६ साली येथे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झाले. म्हणून मुक्काम, शेकोटी व प्रवेश यांविषयीचे नियम वन विभागाकडून आधी समजून घ्यावेत. शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची लेखी संमती यांवाचून तर पाऊलही उचलू नये.

नांदेडहून मुंबईकडे जाणाऱ्या आगगाडीने मनमाडमार्गे नाशिक रोड गाठावे. तेथून घोटीमार्गे बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचे गाव येते. १,६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर पहिल्याच दिवशी चढून उतरावे. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. दुसऱ्या दिवशी रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर व रतनगड, तिसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, आणि चौथ्या दिवशी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड.

काळ कोणता निवडावा? पावसाळ्यात ढगांनी वाट झाकली जाते, खडक निसरडे होतात आणि ओढे अडवतात. उन्हाळ्यात पाणी आटते. नोव्हेंबर ते जानेवारी हेच महिने योग्य. तरीही पाण्याबाबत गाफील राहू नये. कोणते टाके भरलेले आहे, कोणता झरा आटला, हे नकाशा सांगत नाही, गावकरी सांगतात. म्हणून गावातील माहीतगार वाटाड्या घ्यावा आणि त्याची मजुरी व जेवणाचा खर्च गावातल्या घरांना रोख चुकता करावा. या डोंगरातील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांना त्या चार पैशांचा आधार असतो. शहरातून सगळा शिधा बांधून आणणारी मंडळी ही गोष्ट विसरतात.

बिलोलीची मुले शेतातून मैलोगणती चालतात, म्हणून ती डोंगरही सहज चढतील, असा समज होतो. सपाटीवरच्या चालण्याने दम टिकतो, पण उतरताना गुडघे व मांड्या वेगळाच हिशेब मागतात. त्यासाठी निघण्यापूर्वी माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्या व रामगड किल्ला यांवर पाठीवर ओझे घेऊन सराव करून घ्यावा. नवे बूट वाटेवर प्रथमच घालू नयेत.

सर्वांत मोठी जबाबदारी कोकणकड्यावर असते. हरिश्चंद्रगडाचा हा कडा आत वळलेला आहे. काठावर उभ्या असलेल्याला पायाखालची पोकळी दिसत नाही, आणि वारा जोराचा असतो. मुलांनी काठापासून दूर बसूनच कोकण न्याहाळावे. छायाचित्रासाठी पुढे सरकणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकाने निःसंकोच मागे खेचावे. नळीची वाट हा गिर्यारोहकांचा मार्ग आहे. शालेय गटाने तिचा विचारही करू नये.

खर्चाचा प्रश्न उरतोच. ऊसतोडीला वा मजुरीला गेलेल्या आईबापांची मुले वर्गणीअभावी मागे राहतात, आणि नेमकी तीच चालण्यात सर्वांत काटक असतात. ग्रामपंचायतीने व शाळा व्यवस्थापन समितीने त्यांची वर्गणी दिवाळीपूर्वी उभी करावी. आयत्या वेळी मागितलेले पैसे जमत नाहीत.

परतीची वाट पाचनईहून राजूर, अकोले, संगमनेर अशी आहे. वैद्यकीय मदतीसाठीही राजूर वा अकोलेच गाठावे लागते, म्हणून एक वाहन पाचनईस आधीपासून उभे असावे.