साइड व्हीलवाली स्कूटी आणि दोन पेग

वैजापूरच्या एका भावाचा व्हॉइस मेसेज आलाय. त्याच्या मामांना पोलिओ आहे, साइड व्हील लावलेली स्कूटी चालवतात. संध्याकाळी रोटेगाव स्टेशनकडून येताना कधी कधी 'बसून' येतात. वर म्हणतात, "अपंगाच्या गाडीला दारूचा कायदा लागत नाही." भाऊ विचारतोय, खरंय का?

नाही हो. साफ चूक. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये अशा गाडीला 'अडॅप्टेड व्हेइकल' म्हणतात. शब्दच बघा, 'व्हेइकल' आहे. म्हणजे लायसन्स लागतं आणि कलम १८५ पण लागतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गाडी चालवायचा नुसता प्रयत्न केला तरी हेच कलम. मशीनमध्ये फुंकायला नकार दिला आणि पोलिसांना संशय असेल, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. आणि हे चलान भरून मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते.

पण मला विचाराल तर मामांसाठी दंड ही छोटी गोष्ट आहे. कलम २० वाचा. १८५ खाली दोषी ठरलं की कोर्टाला किमान सहा महिने लायसन्सबंदी करावीच लागते. तुमच्या-माझ्यासारखा एसटीला लटकून जाईल. मामा काय करणार? ती गाडीच त्यांचे पाय आहेत. किराणा, दवाखाना, कामधंदा, सगळं सहा महिने दुसऱ्याच्या भरवशावर. शिवाय पिऊन धडकलात तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला विमा कंपनी सरळ नाही म्हणते.

आता बॅटरीची व्हीलचेअर. मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, नियमातल्या बाकीच्या अटीही पूर्ण होत असतील आणि टेस्टिंग एजन्सीने तसं प्रमाणित केलेलं असेल, तर ती मोटार वाहन धरत नाहीत. मग १८५ लागत नाही. पण लगेच खूश होऊ नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ आहे: पिऊन सार्वजनिक ठिकाणी लोकांना त्रास दिला तर २४ तासांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड. आपल्या राज्याच्या दारूबंदी कायद्याचं कलम ८५ वेगळंच, रस्त्यावर झिंगून तोल गेला तरी लागतं. आणि बेदरकार चालवण्याचं कलम २८१ तर कुठल्याही वाहनाला आहे.

इंग्लंडमध्ये गंमत आहे. तिकडे मोबिलिटी स्कूटरला नेहमीचा ड्रिंक-ड्राइव्ह कायदा लागत नाही, पण १८७२ चा, घोडागाडीच्या काळातला एक कायदा अजून आहे.

तर भावा, मामांना हा एपिसोड ऐकव. आणि बसायचंच असेल त्या दिवशी गाडी घरी ठेवून रिक्षाने जायला सांग, परतीचं भाडं आधीच खिशात वेगळं ठेवून.