अहिंसेचे अतिचार आणि घरातील बालक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा सारांश)

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपल्या पाठशाळेतील मुलेही म्हणून दाखवितात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. ते ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर गोठ्यातील मुके जनावर येते, आणि म्हणूनच आपण पांजरपोळ उभारले. परंतु दोन महिन्यांचे बाळही मुकेच असते. बालरोगचिकित्सक या नात्याने मला हे पाच शब्द रुग्णतपासणीच्या टिपणासारखे वाटतात.

येथे वध म्हणजे मारहाण. मुलांचे काही अस्थिभंग अपघाताने नव्हे, तर घरच्यांच्या हातून होतात, हे १९६२ साली अमेरिकेतील डॉ. हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकविश्वापुढे ठामपणे मांडले. जे मूल अद्याप रांगत नाही, त्याच्या अंगावर काळानिळा डाग सहसा उठत नाही. चार महिन्यांच्या आतील बाळाच्या अंगावर कोठेही, अथवा चार वर्षांखालील मुलाच्या कानावर, मानेवर, पोटा-पाठीवर माराचा डाग दिसल्यास तपासणी हवीच. नडगीवरचे खरचटणे बहुधा खेळातले. (पुष्कळ भारतीय बाळांच्या कमरेवर जन्मतःच निळसर डाग असतो, तो मार नव्हे.)

सर्वांत फसवी इजा बाहेरून दिसतच नाही. रडे थांबावे म्हणून तान्ह्याला गदगदा हलविले, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मग ताप-जुलाब नसताना उलट्या, सुस्ती, आचके. विचारावे, तर हकिगत दर वेळी बदलते आणि रुग्णालयात आणण्यास विलंब झालेला असतो.

अन्नपाननिरोध शांतपणे घडतो. भावंडे धष्टपुष्ट आणि एकच मूल खंगलेले. रुग्णालयात पोटभर मिळताच त्याचे वजन वाढू लागते, तेव्हा रोग घरात आहे असे समजावे. घरकामाला ठेवलेल्या लहान मुलीचा अतिभार तर आपल्याला दिसूनही दिसत नाही, हे खेदाने म्हणावे लागते. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर २००६ पासून बंदी आहे.

'घरची गोष्ट आहे, समाजातच मिटवू' ही आपली रीत व्यापारी तंट्यात शोभते. येथे तीच रीत बाळाला पुन्हा त्याच हातांत देते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार मुलावर ताबा असलेल्याने केलेली मारहाण व उपेक्षा हा गुन्हा आहे. मूल निपचित पडले, श्वास अडखळला, तर प्रथम रुग्णालय गाठावे. एरवी १०९८ हा क्रमांक फिरवावा किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीस कळवावे. पुरावा गोळा करणे आपले काम नव्हे. रास्त शंका पुरेशी आहे. संशयिताला आधी जाब विचारू नये, आणि मुलाला चारचौघांत पुन्हा पुन्हा बोलते करू नये.